मालू, तूही 'व्हय महाराजा' म्हणालीस

मालू, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तोंडावर बोलायचं राहून गेलं आणि पाठीमागे बोलायची मला सवय नाही, म्हणून हे तुलाच उद्देशून. तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की मला ओळखच पटेनाशी झालीय. शांत, सोशिक, कधी कोणाला दुखावलं नाही म्हणे! भर स्टाफरूममध्ये तू मला खडू फेकून मारला होतास, ते कोणी सांगितलं नाही. मला मात्र ती खडू फेकणारी बाई हवी आहे. तिच्याशी माझं भांडण बाकी आहे.

आपण दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलो. हेदवीकडची तू अर्थशास्त्र शिकवायला आलीस, पालीची मी वनस्पतिशास्त्र. कॉलेजच्या मागे सडा पसरलेला, उघडा काळा कातळ, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. पावसाळ्यात मला तिथे वाकून फिरताना बघून तू विचारलंस, "कुंदा, तुझं काय हरवलंय गो तिथे?" मी म्हटलं, "पालथी झोप, मग सांगते." आणि तू खरंच झोपलीस, नव्या नारायणपेठीसकट! नाकासमोर तिळाएवढी निळी फुलं बघून किती तरी वेळ तू गप्प होतीस. तू एवढा वेळ गप्प बसलीस असं नंतर क्वचितच झालं. ही झाडं जमिनीखाली इवल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून खातात, असं मी सांगितल्यावर म्हणालीस, "दिसतायत किती सोज्वळ! अगदी आपल्या प्राचार्यांसारखी." मागे वळून पाहिलं तर तेव्हाचे प्राचार्य छत्री घेऊन उभे होते. आपल्या मैत्रीला तिथून सुरुवात झाली.

अठ्ठ्याण्णव साली विद्यापीठाचं पत्रक आलं, कॉलेजांनी पर्यावरणासाठी काहीतरी करावं. काहीतरी करायचं म्हटलं की ते दोन बायकांच्या गळ्यात पडतं. परिसर समिती आपल्या वाट्याला आली. इतर कॉलेजांनी वृक्षदिंडी काढली, फोटो पाठवले आणि मोकळी झाली. तू म्हणालीस, "दिंडी राहू दे. आधी आपलं अंगण झाडू." काजूचा, आंब्याचा पाचोळा रोज सकाळी ढीग करून पेटवत असत, तो तू बंद केलास आणि त्याचं खत करायला लावलंस. कँटीनमधले प्लॅस्टिकचे पेले जाऊन स्टीलचे आले. छपराचं पाणी गटारात जाई, ते टाकीत घेतलं. एप्रिल महिन्यात आपल्या दारात टँकर आला नाही, तेव्हा तू पेढे वाटलेस. मी चेष्टा केली, "मालू, मुलगा झाल्यासारखे पेढे काय वाटतेस?" तर म्हणालीस, "मुलगा कधी एवढं पाणी देतो का?"

भांडणंही तेव्हापासूनची. तुला सड्यावर झाडं लावायची होती, माझं म्हणणं सडा आहे तसाच राहू दे, त्याचा उघडेपणा हेच त्याचं जिवंतपण. तू म्हणायचीस, "झाडं पाहुण्यांना दिसतात गो. तुझी फुलं बघायला माणसाला लोळण घ्यावी लागते." मी म्हणायचे, "मग घेऊ देत लोळण." ह्या वादाचा निकाल कधीच लागला नाही. तू चार खड्डे खणायला सांगायचीस, मी दोन बुजवून टाकायचे. मुलं मधल्या मधे हसायची. तेव्हा मला तो नुसता झाडांचा वाद वाटत होता. लोकांना काय दिसतं ह्यावर तुझा किती जीव आहे, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि तुझं ते गाऱ्हाणं! समितीचं वर्ष सुरू होताना सड्याच्या कडेच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही तुझीच कल्पना. गावच्या देवळात ऐकून ऐकून तुला ते तोंडपाठ होतं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं म्हटल्यावर ऑफिसातल्या दोघातिघांची नाकं मुरडली. तू पदर खोचलास आणि खणखणीत आवाजात सुरू केलंस, "बा देवा महाराजा! ही लेकरां आज तुझ्या दारात उभी हायत. त्यांच्या हातून पाचोळा जाळला जाव नये, पान्याचा थेंब फुकट जाव नये, नि कुनाची एटीकेटी लागू नये, असां कर रे महाराजा!" आणि सगळी पोरं एका सुरात, "व्हय महाराजा!" तू मला म्हणाली होतीस, "ह्यात एक गोम आहे, कुंदा. गाऱ्हाणं घालणारा एक असतो, पण 'व्हय' म्हणणारा प्रत्येक जण त्यात बांधला जातो." त्यानंतर आपल्या कॉलेजात जो तो त्याची चेष्टा करू लागला. कोणी वरिष्ठांची री ओढली की मागच्या बाकावरून हळूच यायचं, व्हय महाराजा.

मग तू प्राचार्य झालीस. मी तुला हार घातला आणि कानात म्हटलं, आता खड्डे बुजवायला माणसं ठेव. तू त्या नात्याने संस्थेच्या कार्यकारिणीवर गेलीस आणि पहिल्याच वर्षी जे केलंस, त्यासाठी मी तुला आजही मानते. संस्थेचा कायम निधी, मुंबईला कामाला असलेल्या कोकणच्या माणसांनी पै पै करून उभा केलेला. तू वर्गात मुलांना नेहमी सांगायचीस, "पैसा तिजोरीत झोपलेला नसतो. तो कुठे तरी कामाला गेलेला असतो. तो तिथे काय करतो, ते मालकाने विचारायला हवं." तेच तू कार्यकारिणीत बोललीस. जे आपण आपल्या अंगणात होऊ देणार नाही, ते आपल्या पैशाने दुसऱ्याच्या अंगणात होता कामा नये. अंगणाचा नियम! सगळ्यांनी मान डोलावली. त्या दिवशी तू माझ्या घरी आलीस ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "कुंदे, झालं! कुठल्या कॉलेजाने असं केलंय दाखव मला." मी तुला कढीभात वाढला आणि तू पातेलं पुसून खाल्लंस. मी त्यानंतर हा नियम जिथे तिथे सांगत सुटले, माझ्या भावालासुद्धा, आणि त्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.

म्हणूनच खाडीपलीकडच्या गावात कोळशावरच्या वीज प्रकल्पाचं आलं, तेव्हा मी तिथल्या सभेला उजळ माथ्याने गेले. माझी विद्यार्थिनी रेश्मा त्याच गावची, तिची आई रखमाकाकी खाडीत शिंपल्या काढून बाजारात विकणारी. काकीने भर सभेत मला विचारलं, "बाय, तुमचां कालेज कुनाच्या बाजून?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "आमच्या कॉलेजचा एक रुपया ह्या कंपनीत जाणार नाही. हा माझा शब्द." मालू, माझा शब्द म्हणजे काय? तुझाच होता तो. तुझ्या जिवावर मी तो दिला होता. बायकांनी मला शहाळं दिलं आणि होडीपर्यंत सोडायला आल्या.

त्यानंतरचं वर्ष. आवारात वृक्षारोपण होतं आणि पाहुणे म्हणून त्या वीज कंपनीचा साहेब आला होता, ट्रकभर रोपं घेऊन. त्याला बोलावलंय हे मला मंडपात कळलं. मला वाटलं, अध्यक्षांच्या ओळखीने आला असेल, पाहुणा आहे, रोप लावेल आणि जाईल. तो माइकसमोर उभा राहून हसत म्हणाला, "आम्ही काही परके नाही. ह्या संस्थेने आमचे रोखे घेऊन आमच्यावर विश्वास टाकलाय. आता आपण एकाच घरचे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली वाकून रोपाभोवतीची माती दाबत होतीस. माती कधीच बसली होती, तरी तू दाबत राहिलीस. रेश्मा माझ्या शेजारी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला काही विचारलंही नाही.

कसं घडलं, ते मला अध्यक्ष भाऊसाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, अगदी कौतुकाने. "अहो बाई, विषय फार रुक्ष होता. बँकांची व्याजं उतरलीयत, निधीला काही सुटत नाही. सगळे पेंगुळलेले. मी म्हटलं, चला, आपल्या मॅडमच्या पद्धतीने करू!" आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, बँकेने तोंड फिरवलंय, कंपनी जास्त व्याज देतेय, ह्या लेकरांच्या निधीला बरकत दे रे महाराजा. हशा पिकला. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. "मॅडमचा आवाज तर सगळ्यांत मोठा!" भाऊसाहेब म्हणाले. "तोच ठराव. नंतर रीतसर लिहून काढला." मी चहा तसाच ठेवून उठले.

तुझ्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले. तू चष्मा काढलास. म्हणजे तुला ठाऊक होतं मी का आले ते.

"हसण्यावारी गेलं गो," तू म्हणालीस. "सगळे म्हणाले, तोंडातून निघून गेलं. तुला ठाऊक आहे, ते शब्द ऐकले की आपलं तोंड आपोआप उघडतं."

"आणि नंतर? लिहून काढताना?"

तू काढलेला चष्मा पदराने पुसायला घेतलास. मग म्हणालीस, "मुलींचं वसतिगृह. त्या जादा व्याजावर ते उभं राहील, कुंदा. खाडीपलीकडच्या पोरी शेवटच्या एसटीसाठी तास बुडवतात. निम्म्या दुसऱ्या वर्षाला घरी बसतात. मी किती दारं ठोठावली तुला माहीत नाही."

"रेश्माला खोली द्यायची आणि तिच्या आईच्या खाडीत राख सोडायची?"

"आपण पैसे काढले तर प्रकल्प थांबणार आहे का?"

"नियम केलास तेव्हा असं म्हणाली नव्हतीस."

"उद्या ये. सविस्तर बोलू. आज माझ्या पोटात दुखतंय."

मला तो बहाणा वाटला. कुंपणच शेत खातं म्हटल्यावर राखण कोणी करायची, असं काहीतरी मी दारातून बोलले आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी तू कोल्हापूरला तपासणीसाठी गेली होतीस.

आणि मग तो उद्या आलाच नाही. आजारी माणसाशी भांडता येत नाही, ह्याचा तू पुरेपूर फायदा घेतलास. मी पेज घेऊन यायचे, मेतकूट घेऊन यायचे, तुझ्या उशाशी बसून स्टाफरूममधल्या चहाड्या सांगायचे. तू हसायचीस. हसताना तुला दुखायचं, म्हणून मी चहाड्यासुद्धा बेताने सांगायचे. कितीदा वाटलं, आता काढावा विषय. तू हात पुढे केलास की तो हात धरून बसावं लागायचं. एवढासा झाला होता तो हात. एकदा तूच म्हणालीस, "कुंदे, ते आपलं..." आणि नर्स आत आली. ती गेल्यावर मी वाट पाहिली. तू डोळे मिटले होतेस. झोपली होतीस की टाळत होतीस? अर्थशास्त्राच्या माणसाने हिशेब असा अर्धा टाकून जाऊ नये.

मला तुझा राग येतो, मालू, आणि त्या रागात मला तुझी आठवण येते. हे दोन्ही एकदम होतं. वसतिगृहाचं तू म्हणालीस ते खोटं नव्हतं, हे मला कळतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. खाऊन माजलेल्या माणसाने विकलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू पोरींसाठी विकलंस. पण विकलंस ते तुझं एकटीचं नव्हतं. त्यात माझा शब्द होता. खाडीवर उभं राहून मी जे बोलले, त्याचं काय होईल, हा विचार तुझ्या मनात आला की नाही? एकदा तरी? 'कुंदाला सांगून टाकू या', एवढं तरी? मी ओरडले असते, थयथयाट केला असता, तुला खडू फेकून मारला असता. पण मला त्या मंडपात, त्या साहेबाच्या तोंडून कळलं. त्याबद्दल तुला काय म्हणायचं होतं, ते ऐकायचं होतं मला.

तू आजारी असतानाच मी खाडीपलीकडे गेले होते. तुला सांगितलं नाही. रखमाकाकी शिंपल्या निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, "बाय, तुमी आता सभेला येव नुका. लोकां कायबाय बोलतील, नि माला तां ऐकवनार नाय." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं काकी. ती म्हणाली, "तां माला ठाव हाय. पन लोकांस्नी कसां सांगू?" परतीच्या होडीत मी एकटीच होते. पुढे त्यांच्या सभा झाल्या, मोर्चा निघाला, मी वर्तमानपत्रात वाचलं.

परवा तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला अबोलीचा वळेसर घातला होता. त्यांनी तो फोटो निवडला होता ज्यात तू अजिबात तुझ्यासारखी दिसत नाहीस. भाषणं झाली. शेवटी भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, मॅडमच्या स्मरणार्थ मागच्या सड्यावर पर्यावरण भवन उभारायचं, कंपनी खर्च देणार आहे, मॅडमनी हॉस्पिटलात असताना स्वतः ह्या कल्पनेला संमती दिली होती.

संमती दिली होती. माझी पेज खात होतीस, तेव्हा. मी चहाड्या सांगत होते, तेव्हा.

भाऊसाहेबांनी विचारलं, सर्वांची मान्यता आहे ना? माना हलल्या. मी उभी राहिले. राग की रडू ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "माझा विरोध आहे. सडा खोदून पर्यावरणाचं भवन बांधायला विरोध आहे, कंपनीच्या पैशाला विरोध आहे, आणि मालतीचं नाव ह्याला द्यायला तर माझा ठाम विरोध आहे." भाऊसाहेब हळूच म्हणाले, "बाई, त्यांचीच इच्छा होती." मी म्हटलं, "मग ती चुकली होती." तुझ्या फोटोसमोर, तुझ्या माणसांसमोर म्हटलं. तुझे यजमान दिगंबरभाऊ खाली मान घालून बसले होते. कोणीतरी मागून म्हणालं, मेलेल्या माणसावर तरी राग धरू नये. विषय पुढच्या सभेवर ढकलला. कातळ तूर्तास आहे तिथे आहे. रेश्मा दाराशी उभी होती. मी बाहेर पडताना ती माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आली आणि वाटेत परीक्षेबद्दल बोलली, दुसरं काही नाही.

काल दिगंबरभाऊंनी पेजेचा डबा परत पाठवला. स्वच्छ घासलेला, आणि रिकामा. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चार आमसुलं तरी घालतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बायकोला मी भर सभेत चुकीची म्हटलं. पण त्यांना कोणी सांगावं, की तुला नावं ठेवायचा अधिकार ह्या सबंध रत्नागिरीत कोणाला असेल तर तो मला आहे? आणि तुझं नाव सांभाळायचाही. तुझ्या नावाची पाटी त्या पैशाने लागली असती तर पोरांनी तुला त्यासाठीच ओळखलं असतं. पाचोळा, टाकी, टँकर न आलेला तो एप्रिल, सगळं पुसलं गेलं असतं. मी तुला चुकलेली म्हटलं, ती चुकलेली बाई निदान तू होतीस.

खरं तर मी तुझ्याशी अबोला धरणार होते. केबिनमधून निघाले तेव्हाच ठरवलं होतं. दोन महिने, तीन महिने, स्टाफरूममध्ये समोर आलीस तरी खिडकीबाहेर बघायचं. तू आठवड्याभरात काहीतरी खुसपट काढून येणार, माझ्या टेबलावर बोटं वाजवणार, 'झालं का गो फुगून?' म्हणणार, आणि मी मुळीच हसणार नाही असं म्हणत हसणार. अबोला धरायला दोघी लागतात, मालू, एकीने धरायचा आणि दुसरीने मोडायला यायचं. आता सगळं गप्प आहे, आणि हे मी धरलेलं नाही.